पाचटाचा घागरा

सणसवाडी,
रविवार, २१ मार्च २००४

आदरणीय बन्सीमामा यांना भाचा विनोद याचा हात जोडून जय भीम. सारजामामींनाही जय भीम सांगा. त्यांनी पाठवलेले सांडगे पोहोचले. त्यातले निम्मे रूमवरच्या उंदरांना आवडले आणि उरलेले मला. तुमचा डोळ्याचा त्रास कमी झाला असेल अशी आशा करतो. (नसेल तर हे पत्र मामींकडून वाचून घेऊ नका, कारण त्या मधेच थांबून स्वतःची मतं घालतात. गौतमीकडून वाचून घ्या, तिला मतं फुटायला अजून एखादं वर्ष आहे.) मी इकडं खुशाल आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बोल, बोल" म्हणता आणि मग स्वतःच बोलता. हे सांगणं लांबलचक आहे आणि मधे कुणी बोललं तर माझ्याच्यानं पुरं होणार नाही.

मामा, आमच्या कंपनीत साखर कारखान्यांना लागणारे ऊस पिळायचे रोलर बनतात हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा आफ्रिकेतल्या केनिया देशातल्या एका साखर कारखान्यानं आमच्याकडून रोलर घेतले, आणि ते बसवायला-उघडायला शिकावं म्हणून त्यांचा एक माणूस चार महिन्यांसाठी इथं पाठवला. त्याचं नाव ओटिएनो. सव्वासहा फूट उंच आणि रंगानं आपल्या गावच्या पांढऱ्या मातीत नाही तर काळ्या मातीत बसणारा. साहेबांनी त्याला माझ्या ताब्यात दिलं, कारण शॉपमधे इंग्रजी फक्त मला येतं असा साहेबांचा समज आहे. (माझं इंग्रजी म्हणजे "नो प्रॉब्लेम". प्रॉब्लेम असला तरी नो प्रॉब्लेम.)

पहिलं काम त्याला रूम बघून देणं. सणसवाडीत घराघराला रूमा काढलेल्या आहेत, बिहारपासून लातूरपर्यंतची माणसं त्यात राहतात, त्यामुळे मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. तीन दिवस लागले. मालक लांबून आम्हाला येताना बघायचे आणि आम्ही दारात पोहोचेपर्यंत रूम जायची. मला ही कला नवी नाही. मी स्वतः रूम बघत होतो तेव्हा आडनाव विचारून झाल्यावर "अरे, कालच दिली की" म्हणणारे चार मालक पाहिलेत. ओटिएनोचं मात्र आडनाव विचारायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. शेवटी माझ्याच मालकीणबाई, तुळजाबाई, वरची रूम द्यायला तयार झाल्या, पण आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "खातो काय रं ह्यो?" मी म्हटलं, जे तुम्ही खाता तेच. त्या म्हणाल्या, "आन् झोपतो का रातीचं?" आता झोपत नाही असा माणूस त्यांनी कुठं बघितला होता कोण जाणे. पंधरा दिवसांत त्या त्याला "वतू" म्हणायला लागल्या आणि पाण्याची मोटर बिघडली की मला नाही, त्याला हाक मारायला लागल्या.

आमचं जमलं. एका रविवारी मी त्याला पाटसला आईकडं घेऊन गेलो. आई आधी जरा बिचकली. मग आम्ही शेजारच्या फडावर गेलो, तर ह्या बाबानं एक ऊस घेतला, गुडघ्यावर कडकन मोडला आणि दातानं सोलून खायला लागला. त्याचं गावही उसाचंच आहे हे मी आईला सांगायच्या आधीच तिला ते कळलं होतं. ती म्हणाली, "ह्येला काय शिकवाया आणलंय इथं? ह्यो तर आपल्यापेक्षा भारी सोलतो." दुपारी त्यानं तिच्याकडून मक्याचं पीठ मागून घेतलं आणि त्याच्या घरी करतात तशी घट्ट उकड स्वतः चुलीवर घोटली. आईनं ती कालवणाबरोबर खाल्ली आणि मीठ विसरलास म्हणून त्याला झाडलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण झाडलं एवढं कळलं. तो "सॉरी मामा" म्हणाला. (त्यांच्याकडं आईला मामा म्हणतात. आई अजूनही ह्यावर हसते.)

आता मूळ गोष्टीकडं येतो. मी मुद्दामच लांबून आलो, कारण जवळून यायची लाज वाटते.

फेब्रुवारीत कंपनीचा वर्धापन दिन असतो. सहा वर्षं झाली, त्यात माझा कार्यक्रम ठरलेला. मी लुंगी लावून कँटीनवाला अण्णा करतो, "अय्यो" म्हणून सांबारात पडतो. डोक्याला गमछा बांधून पॅकिंगमधला ललनभैया करतो. लोक मागच्या वर्षीचेच डायलॉग आधी म्हणतात आणि मग मी म्हणतो. यंदा साहेब स्वतः शॉपमधे आले आणि म्हणाले, "विनोद, या वेळी इंटरनॅशनल काहीतरी पाहिजे. आपले पाहुणे पुढच्या रांगेत असणार." मला वाटलं, वा! आपला ओटिएनो, आपला दोस्त, त्याच्यासाठी खास आयटम करू. खरं सांगतो मामा, मनात वाईट काही नव्हतं. मला वाटत होतं की सगळ्यात जास्त तोच हसेल.

पेंटशॉपमधला पप्पू माझा मेकअपवाला. त्यानं ग्रीसमधे ग्राफाइटची काळी पावडर कालवली. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "विनूभाऊ, तुमाला निम्मीच लागंल." (शाळेत मला काय म्हणायचे ते तुम्हाला आठवत असेल. पप्पूला मी तेव्हा टपली मारली, पण निम्मीच लागली हे खरं.) ओठाभोवती पांढरा ऑइलपेंट. गळ्यात मटणाच्या दुकानातून धुऊन आणलेलं हाड. हातात भाला, म्हणजे शॉपमधली लोखंडी सळई. आणि कमरेला घागरा. तो कशाचा करावा हा प्रश्न होता. पप्पू म्हणाला, जंगलातले लोक पानं नेसतात. पानं कुठून आणणार? मग मीच पाटसहून उसाचं वाळलेलं पाचट मोटरसायकलवर आणलं आणि सुतळीला बांधून घागरा केला.

उसात काम केलेल्या घरातला माणूस मी. पाचटाला बारीक कुसं असतात, ती उघड्या अंगाला लागली की काय होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. उसात उतरणारा माणूस अंगभर कापडं घालून उतरतो. मी चड्डीवर घागरा नेसलो होतो. स्टेजवर गेलो, "हुंबा हुंबा" म्हणून दोन उड्या मारल्या आणि मांड्यांना आग लागली. मी खाजवलं. हॉल हसला. मी भाला टाकून दोन्ही हातांनी खाजवलं. हॉल खुर्च्यांवर उभा राहिला. लोकांना वाटलं हाच नाच आहे. मी ओरडत होतो ते खरोखरचं ओरडणं होतं, आणि त्याला वन्समोअर मिळाला. साहेबांनी स्वतः हात वर करून वन्समोअर दिला. नोकरीचा प्रश्न असल्यामुळे मी पुन्हा खाजवलं.

दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेकडं लक्ष गेलं. साहेबांच्या शेजारी ओटिएनो बसला होता. आधी अण्णाला आणि ललनला तो हसला होता, मी स्टेजवरूनच बघितलं होतं. आता तो हसत नव्हता. रागावलेलाही नव्हता. ड्रॉइंग वाचताना एखादं माप जुळत नसलं की तो जसा बघतो, तसा बघत होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या तोंडाकडं बघत हसायला लागले. आसपासचे सगळेच मधूनमधून त्याच्या तोंडाकडं बघत होते, हा हसतोय का ते पाहायला. शेवटी तो हसला. मामा, मी सहा वर्षं हसवायचं काम करतोय. कोणतं हसू पोटातून येतं आणि कोणतं मागून घेतलेलं असतं, हे मला स्टेजवरूनही कळतं. ते मागून घेतलेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या वॉशरूममधे तोंड धुवायला गेलो. ग्रीसमधलं ग्राफाइट साबणाला दाद देईना. पप्पू जेवायला पळाला होता. तेवढ्यात दार उघडून ओटिएनो आत आला. त्याच्या हातात शॉपमधला हात धुवायचा सोप आणि मशीन पुसायच्या कॉटनवेस्टचा गोळा होता. त्यानं माझी मान वाकडी केली आणि कानामागं पुसायला लागला. मला दिसत नाही तिथलं काळं तो पुसत होता, अगदी नीट, बेअरिंग पुसतो तसं. मी "थँक्यू" म्हटलं, "सॉरी" म्हटलं, "नो प्रॉब्लेम" म्हणायला गेलो आणि थांबलो.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं (बोलला इंग्रजीत, लिहितो मराठीत), "तो माणूस कोण होता?"

मी म्हटलं, "कोणता?"

"स्टेजवरचा."

"तो... तुमच्याकडचा. आफ्रिकेतला."

"मी तिथं एकतीस वर्षं राहिलो. मला कधी भेटला नाही." त्यानं कापूस बदलला. "विनोद, मला कंपनीत सगळे सांगत होते की तू माणसं हुबेहूब करतोस. मी वाट बघत होतो. मला वाटलं, तू मला करशील. मी कसा चालतो, सांग?"

मी सांगितलं. उजवा पाय जरा बाहेर टाकून. मायक्रोमीटरचं रीडिंग घेतो, लिहून ठेवतो, मग पुन्हा घेतो, आणि दुसऱ्यांदा घेताना शिट्टी वाजवतो. रुमाल वापरून झाल्यावर चार घड्या घालतो. फोनवर बायकोशी बोलताना उभा राहतो आणि कारखान्यातल्या साहेबाशी बोलताना बसतो. मला सगळं पाठ होतं, न विचारता पाठ झालेलं.

तो म्हणाला, "हे केलं असतंस तर मी खुर्चीवरून पडलो असतो."

बस, एवढंच. मग तो जेवायला गेला आणि माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही.

आठ दिवस मी स्वतःशीच वाद घालत होतो. म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हसण्यावारी न्यावं माणसानं. गंमत आहे. आणि हे म्हणताना माझ्याच कानाला ते वाक्य ओळखीचं वाटलं, मामा. शाळेत मला नावं ठेवणारी पोरं मास्तरसमोर उभी केली की हेच म्हणायची, आणि मास्तरही त्यांचंच ऐकून मला म्हणायचे, "हसण्यावारी न्यावं." पण ह्याहून जास्त मला दुसरं टोचत होतं. मी स्वतःला कलाकार समजतो. ज्या माणसाला मी तीन महिने रोज पाहिलं, ते सगळं सोडून मी स्टेजवर कधीच न पाहिलेला माणूस नेला. का? तर हॉलला ओटिएनोची शिट्टी माहीत नव्हती, आणि काळं तोंड, हाड, घागरा आधीपासून माहीत होता. हॉलच्या खिशात होतं तेच काढून मी हॉलला दिलं. त्यात माझं काय होतं? खाज तेवढी माझी होती.

मग मला एक वाईट खोड लागली. मी विचारत सुटलो. कँटीनमधे जाऊन अण्णाला विचारलं, मी तुमची नक्कल करतो त्याचं तुम्हाला काही वाटतं का? अण्णा गेली सतरा वर्षं शिक्रापूर-सणसवाडीत आहे, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो, "अय्यो" मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. तो भांडं घासत म्हणाला, "मला काय वाटायचं, माझं वय झालं. पोरगं सातवीत हाय. वर्गात त्याला हाक मारत न्हाईत, 'अय्यो' म्हणत्यात. तुमच्याच कंपनीतल्या लोकांची पोरं हायत ती." आणि मला चहा दिला. मामा, तो चहा मी कसा प्यालो ते विचारू नका.

तिथून उठून, आता पापाचा घडा पुरता भरूनच घेऊ म्हणून ललनभैयाकडं गेलो आणि सांगितलं की पुढच्या वर्षीपासून तुझी नक्कल बंद. मला वाटलं गळ्यात पडेल. तो खवळला! "काहे बंद? हमने क्या बिगाड़ा?" त्याचं म्हणणं असं, की तुझ्या नकलेमुळं मला साहेब नावानं ओळखतात, आणि तू माझी तंबाखू मळायची तऱ्हा तर बरोबर धरतोस. गमछा खोटा आहे, मी कधी बांधत नाही, तेवढा काढ. आता बोला. एक म्हणतो लागलं, एक म्हणतो बंद केलंस तर लागेल. मला वाटत होतं की ह्यावर एखादा नियम सापडेल आणि तो भिंतीवर लावून मोकळं होता येईल. नियम नाही सापडला. एवढंच कळलं की सहा वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं.

मागच्या सोमवारी ओटिएनोचा निरोपसमारंभ झाला. हार, नारळ, शाल, साहेबांचं भाषण. मग त्याला बोलायला सांगितलं, तर तो म्हणाला, भाषण नको, मी एक नक्कल करतो. आणि त्यानं मला केलं. मामा, सव्वासहा फुटांचा माणूस माझ्याएवढा झाला. त्यानं ना रंग लावला, ना कपडे बदलले. फक्त खांदे पाडले. मी शॉपमधे पोरांना गोष्ट सांगतोय, हात उडतायत, आवाज चढलाय, आणि गोष्ट संपायच्या आत माझे डोळे गरगर फिरतायत, कोण हसलं, कोण नाही हसलं ते मोजत. मग साहेब येतात. मी एकदम अर्धा होतो, आवाज घशात जातो, "यस्सर, नो प्रॉब्लेम सर." साहेब जातात. मी पुन्हा पूर्ण होतो. हॉल अक्षरशः लोळला. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. ते साहेबांसमोर अर्धं होणं मला माहीत नव्हतं. आजवर कुणी दाखवलं नव्हतं, कारण आजवर कुणी एवढं निरखून बघितलंच नव्हतं. लागलं, मामा. पण ते लागणं मला परत द्यावंसं वाटलं नाही.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. तुळजाबाईंनी त्याच्या बायकोसाठी हिरव्या बांगड्या दिल्या, अंदाजानं मोठं माप घेऊन. आईनं काळा मसाला दिला, तो त्यानं चार घड्यांच्या रुमालात बांधला. आता वरच्या रूममधे सोलापूरचे दोघे आलेत आणि मोटर बिघडली की तुळजाबाई उगाच वर बघतात.

तर अशी हकीकत. पत्र फार वाढलं. तब्येतीची काळजी घ्या, मामींना विचारलं म्हणून सांगा, गौतमीला अभ्यासाबद्दल काही विचारू नका, तिचा पेपर चांगला गेला नसेल तर ती स्वतःहून पोळ्या लाटायला बसेल, त्यावरून ओळखा.

तुमचा भाचा,
विनोद

ता.क. जयंतीच्या कार्यक्रमाला मी दोन दिवस आधी खुटबावला येतो. रजा टाकली आहे. माईक आणि पेटीचं बघतो.

ता.क. दुसरा. मामा, वरचं सगळं पत्र मी हे लिहायला धीर यावा म्हणून लिहिलं. आपल्या कलापथकात तुम्ही बसवलेला तो "एसटी स्टँडवर आलेला धनगर", जो गेली पाच वर्षं मी करतो, तो यंदा मी करणार नाही. तुमचा तो हातखंडा आयटम आहे, त्यावर तुम्ही तालुक्यात नाव कमावलंय, हे मला माहीत आहे. "ज्ञानू धनगर आणि रतनबाई पुढं बसून हसतात की" असं तुम्ही म्हणाल. रतनबाई तोंडाला पदर लावून बसते, त्याला आपण हसणं म्हणतो. नक्कल करायला घोंगडी आपण दरवर्षी त्यांच्याच घरून मागून आणतो, आणि त्या घरात मेंढरं मागच्या पिढीतच संपली.

ता.क. तिसरा. मागच्या वर्षी नाटुकलं चालू असताना त्यांची पोरगी हर्षदा मधेच उठून चालली होती. ती तेव्हा बारावीला होती. मी स्टेजवरून ओरडलो, "धरा रं, मेंढरू चुकलं!" हे तुम्ही लिहून दिलेलं नव्हतं, माझं होतं. वर्षातला सगळ्यात मोठा हशा तो होता आणि तुम्ही माझी पाठ थोपटलीत. दुसऱ्या दिवशी मी घोंगडी परत द्यायला गेलो तर रतनबाई म्हणाली, "च्या घिऊन जा." हर्षदा बाहेर आली नाही. तिनं आतूनच उंबऱ्यापर्यंत कप सरकवला. मला फक्त तिचा हात दिसला. ओटिएनोचं निमित्त झालं, पण तो हात मला वर्षभर दिसतोय. म्हणून विनंती एवढीच, की मी आलो की तुम्ही माझ्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत या. लांब नाही, मधे एक हौद आणि दोन घरं आहेत. मी एकटाही गेलो असतो, पण एकटा गेलो तर मी काहीतरी विनोदी बोलेन.